देगलूरचे अठ्ठेचाळीस गोळे

पुण्याच्या करंदे नावाच्या खेळसाहित्याच्या व्यापाऱ्याने मला फसवले. आठ गोळे अस्सल म्हणून विकले, त्यातले चार खोटे निघाले. हे मी सुरुवातीलाच लिहून ठेवतो. पुढे देगलूरचा चहा, देवणीची आंबील आणि वाटेतल्या शेतांबद्दल येणार आहे. ते वाचून कुणाला वाटायला नको की हा माणूस हौसेने फिरायला गेला होता.

मी मूळचा कंधार तालुक्यातला. वडील बैलबाजारात दलाली करायचे. नांदेडला आलो तेव्हा सायकलच्या कॅरियरवर कॅरमची पावडर आणि स्ट्रायकर घेऊन दुकानोदुकानी फिरायचो. आज चार जिल्ह्यांतल्या हॉटेलांना आणि बारना टेबल-खुर्च्या, कॅरम, डार्टबोर्ड मी पुरवतो. मला व्यवहारात कुणी गंडवलं नाही, असं मी चारचौघांत सांगत असे. आता सांगत नाही.

लातूर, सोमवार

प्रज्ञा मॅडमची ब्रुअरी लातूरच्या बाहेर, बार्शी रस्त्याला आहे. मॅडम केमिकल इंजिनियर. बिअर कशी बनते ते बंगळूरला राहून शिकल्या आणि गावी परत आल्या. वडील, गौतमराव, जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेले. तेच गल्ल्यावर बसणार होते. काचेमागे स्टीलच्या मोठ्या टाक्या, आणि आत शिरलं की घुगऱ्या शिजत असल्यासारखा वास. बिअर तिथेच बनते आणि तिथेच नळातून ग्लासात येते.

बाजूच्या साठ फूट लांब, दहा फूट रुंद पट्टीत त्यांना बॉची हवी होती. हा इटलीचा खेळ. एक छोटा चेंडू पुढे टाकायचा, मग दोन्ही बाजूंनी चार-चार मोठे गोळे टाकायचे. ज्याचा गोळा छोट्याच्या जास्त जवळ, त्याला गुण. आपल्या गोट्यांचाच मोठा भाऊ. पण एका हाताने खेळता येतो, म्हणजे दुसऱ्या हातात ग्लास राहतो. पळापळ नाही, घाम नाही, आजोबा आणि नातू एका बाजूने खेळू शकतात. ब्रुअरीवाल्यांना तो का आवडतो ते मला पाच मिनिटांत कळलं होतं.

सामान निवडताना काय बघायचं तेही मी शिकून घेतलं होतं. मोठ्या माणसांसाठी गोळा एकशे सात मिलिमीटरचा आणि नऊशे ग्रॅमच्या थोडा वर. भरीव रेझिनचा, जोड न दिसणारा. रंग असे, की पिवळ्या दिव्याखाली दुरूनही वेगळे ओळखू यावेत. बाजूच्या फळ्या लाकडी, म्हणजे गोळा आदळला तरी टेबलावरचे ग्लास हादरत नाहीत. हे सगळं मला माहीत होतं, तरी फसलो.

पट्टीत मी कृत्रिम गवताचा गालिचा अंथरून दिला होता. मॅडमनी त्यावर एक लाल गोळा टाकला. मग त्याच हाताने, तेवढ्याच जोराने हिरवा टाकला. मग परत लाल, परत हिरवा.

"काका," त्या म्हणाल्या, "लाल जिथं थांबतोय तिथं हिरवा थांबेना. आणि तुमच्या ह्या गालिच्याला घड्या पडल्यात. दोन्ही गोळे तिथं उडायलेत."

"नवीन गालिचा आहे मॅडम, बसेल हळूहळू."

 मॅडम आठही गोळे आत घेऊन गेल्या आणि माल्ट, म्हणजे बिअरचं धान्य, मोजायच्या काट्यावर एकेक ठेवला. चारही लाल सारखे, ग्रॅमचाही फरक नाही. हिरवे मात्र चार वेगळ्या वजनांचे, एकही सातशे ग्रॅमच्या वर नाही.

मी म्हणालो, काटा खराब आहे. त्यांनी साखरेचं किलोचं बंद पाकीट आणून काट्यावर ठेवलं. काटा बरोबर होता. तेव्हा तरी मी गप्प बसायला हवं होतं. बसलो नाही. आवाज चढला, हात टेबलावर आपटला आणि एक ग्लास खाली पडून फुटला. गौतमराव केरसुणी घेऊन आले आणि शांतपणे म्हणाले, "बालाजीराव, काच पायाला लागंल. सरका जरा."

त्या 'सरका जरा'ची लाज मला अजून वाटते.

मॅडम म्हणाल्या, "रविवारी उद्घाटन आहे. रविवारपर्यंत खेळ नीट बसला तर ठीक. न्हाई बसला तर ह्या पट्टीत मी टेबलं टाकते. आणि सोलापूर, बीदर, बार्शीच्या माझ्या तीन मित्रांना तुमचं नाव सांगितलंय, ते परत घ्यावं लागंल."

तीन जागांचं काम गेलं असतं तर परत मिळवलं असतं. पण 'बालाजीचा माल वजनात मारतो' हे चार जिल्ह्यांत पसरलं असतं तर मला पुन्हा सायकलवर बसावं लागलं असतं.

चूक माझीही होती, तीही सांगतो. पुण्यात करंद्यांच्या दुकानात मी लाल गोळे चारही हातात घेऊन तोलले, हिरव्यांना हातच लावला नाही. वडिलांबरोबर बाजारात फिरून लागलेली ही सवय. जोडी एका दावणीची असली की एका बैलाचे दात बघायचे, दुसऱ्याच्या पाठीवर थाप मारायची आणि पुढे जायचं. करंद्यांनी बैल कधी विकला नसेल, पण माझा हात कुठे थांबला ते त्यांनी बरोबर पाहिलं.

नांदेड, मंगळवार

सकाळी करंद्यांना फोन लावला.

"त्याचं काय आहे बालाजीराव," ते अगदी गोड आवाजात म्हणाले, "रेझिन हे उष्णतेला संवेदनशील असतं. तुमच्या मराठवाड्यात उष्णता जास्त. थोडंफार वजन उतरतं."

"साहेब, थंडीचे दिवस आहेत. मी स्वेटर घालून बसलोय."

"साठलेली उष्णता असते हो."

मी पुढे जे बोललो ते छापण्यासारखं नाही. त्यांनी फोन ठेवला.

मग एक हिरवा गोळा घेऊन ओळखीच्या वेल्डिंगवाल्याकडे गेलो आणि मधोमध कापायला सांगितला. वर प्लास्टिकची कवटी, आत वाळू आणि सिमेंट. कुणीतरी बसून, मन लावून भरलेलं. मी ते दोन्ही तुकडे पिशवीत घातले.

खोका फेकून देणार होतो, तेवढ्यात त्याच्या तळाशी पुण्याच्या चिठ्ठीखाली दुसऱ्या चिठ्ठीचा कोपरा दिसला. नखाने खरवडला. खाली देगलूरच्या ट्रान्सपोर्टचा शिक्का होता आणि पाठवणाऱ्याचं नाव: एका खेळसाहित्याच्या दुकानाचं. म्हणजे करंद्यांचे लाल गोळे पुण्याहून नव्हे, आमच्याच जिल्ह्यातून पुण्याला गेले होते. मी नांदेडहून पुण्याला जाऊन, देगलूरचा माल घेऊन आलो होतो.

टेम्पोवाल्या सत्तारभाईला फोन केला. वीस वर्षं माझा माल तोच वाहतो.

"कल सुबे देगलूर चलना है."

"क्या लाने?"

"गोळे."

"इस उमर में गोट्याँ खेलते क्या शेठ?" म्हणाला आणि खो-खो हसला.

देगलूर, बुधवार

नायगावला थांबून सुशीला खाल्ली. लातूर-नांदेडच्या बाहेरच्यांसाठी सांगतो: सुशीला म्हणजे भिजवलेल्या मुरमुऱ्यांचा कांदा-मिरची घातलेला चमचमीत नाष्टा. पुण्यात पोहे देतात ते पोटाला कळतच नाहीत. सत्तारभाईने वर चार भजी घेतली आणि माझ्या वाट्याची दोन उचलली.

पुढे दोन्ही बाजूंना वेचून झालेली कपाशी, मधूनमधून हिरवीगार ज्वारी आणि हरभरा. देगलूर जवळ आलं की दुकानांच्या पाट्यांवर तेलुगू दिसायला लागते आणि माणसं एका वाक्यात तीन भाषा बोलतात. बाजारात कुणी कुणाला 'तुम्ही कुठले' असं विचारत नाही. 'काय भाव' हे तिन्ही भाषांत येत असलं की पुरतं.

दुकान व्यंकटअण्णांचं. सत्तरीचा माणूस, धोतर, वर स्वेटर, खांद्यावर टॉवेल. दुकानात व्हॉलीबॉल, ट्रॉफ्या, शाळांच्या शर्यतींची पदकं. मी काही न बोलता कापलेल्या गोळ्याचे दोन तुकडे काचेवर ठेवले.

"हा तुमचा माल?"

अण्णांनी चष्मा लावला, सिमेंट बोटाने कोरलं आणि चेहरा लालबुंद झाला. "कोण म्हणतंय माझा? हैदराबादचा क्लब बंद पडला तवा बारा संच घेतलेत मी. भरीव माल हाय. हे सिमेंट कुठनं आणलाव?"

मग दोघांनी हिशोब मांडला तसं हळूहळू उलगडलं. बारापैकी सहा संच करंद्यांनी नेले होते. सहा संच म्हणजे चोवीस लाल, चोवीस हिरवे. करंद्यांनी प्रत्येक संच फोडला असणार. चार खऱ्या लालांबरोबर चार खोटे हिरवे, चार खऱ्या हिरव्यांबरोबर चार खोटे लाल. सहा संचांचे बारा केले. मला वाटलं, ह्या माणसाने डोकं चांगल्या कामाला लावलं असतं तर मंत्री झाला असता.

"राहिलेले सहा मला द्या," मी म्हणालो.

अण्णांनी टॉवेलने तोंड पुसलं. राग ओसरला होता आणि व्यापारी वर आला होता. "करंदेसाहेबाचा बी फोन आलता सकाळी. त्यांनाबी सगळे सहा पाहिजेत."

"अण्णा, तो माणूस चोर आहे."

"असंल. पण गिऱ्हाईक हाय माझा." आणि त्यांनी मोबाइल काढून करंद्यांना फोन लावला, स्पीकर चालू केला आणि काचेवर ठेवला. "साहेब, नांदेडचे गिऱ्हाईक आलेत, बालाजीराव. दोघं बोला, म्हंजी मागनं मला बोल नको."

 मग तोच गोड आवाज. "नमस्कार बालाजीराव. अण्णा, मी काय बोलणार? ते जो भाव सांगतील त्याच्यावर मी दोन हजार जास्त देतो. त्यांनी वाढवला, तरी माझे दोन हजार वर. संपला विषय."

 मी कितीही म्हटलं तरी हा माणूस पुण्यात बसून दोन हजार वर टाकणार. फोन उचलून रस्त्यावर फेकावा असं मनात आलं, आणि हात पुढे गेलाही. सत्तारभाईने काउंटरखालून माझ्या पायावर पाय दिला. चांगला जोरात दिला.

पाय चोळायला वाकलो, सरळ झालो, तेव्हा अण्णांच्या डोक्यामागे भिंतीवर एक फोटो दिसला. तरुण अण्णा आणि त्यांच्या शेजारी देवणी जातीचा बैल; पांढऱ्या अंगावर काळे ठिपके, खांदा भरलेला, डोळा शांत.

"ठिपक्यांचा, म्हणजे शेवरा आहे," मी म्हणालो. "देवणीच्या बाजारातला?"

अण्णांनी मागे वळून पाहिलं, जसं काही तो बैल तिथे उभाच होता. "तुमाला कसं कळलं?"

"माझे वडील दलाल होते. मी त्यांच्या पायाशी बसून बाजार पाहिलाय."

"मग हात कसा धरायचा माहीत असंल," अण्णा म्हणाले, आणि हसले.

बैलबाजार न पाहिलेल्यांसाठी सांगायला हवं. तिथे भाव तोंडाने बोलत नाहीत. घेणारा आणि देणारा समोरासमोर बसतात, मधे हातांवर रुमाल टाकतात आणि रुमालाखाली एकमेकांची बोटं धरतात. किती बोटं धरली, मूठ धरली, बोटाचं पेर दाबलं, त्यावरून आकडा. भोवती पन्नास माणसं उभी असली तरी कुणाला काही कळत नाही. आणि दोन नियम: रुमालाखालचा भाव बाहेर सांगायचा नाही, आणि शेवटी हात हातात घट्ट दिला की सौदा मोडायचा नाही.

"फोन चालू राहू द्या अण्णा," मी म्हणालो. "पण आधी माल दाखवा."

ह्या वेळी मी अठ्ठेचाळीसच्या अठ्ठेचाळीस गोळे तोलले. शेजारच्या आडत्याचा काटा आणला. प्रत्येक गोळा काचेच्या लांब फळीवरून लोळवला. वाकडा गेला तर गोल नाही. नखाने जोड शोधले. छोटे सहा चेंडूही बघितले. सत्तारभाईने त्यांना लगेच 'पिल्लू' असं नाव ठेवलं आणि ते नाव आता कायम झालं आहे. एका लालाला बारीकसा टवका सापडला. मी तो गोळा अण्णांच्या डोळ्यांसमोर धरून काही न बोलता खाली ठेवला. इतकं पुरे होतं.

"हॅलो?" फोनमधून आवाज आला. "काय चाललंय तिकडे?"

"वजन चाललंय साहेब," सत्तारभाई म्हणाला. "तुम तो कभी करते नहीं, तुमको आवाज कैसा मालूम."

अण्णांनी खांद्यावरचा टॉवेल काढून आमच्या हातांवर टाकला. त्यांची बोटं थंड आणि राठ होती, आणि पहिल्याच पकडीत मला कळलं की इतकी वर्षं दुकानात बसून त्यांना ह्याचीच आठवण येत होती. त्यांनी पहिला भाव सांगितला. मी त्यांचं बोट सोडून दुसरं धरलं. त्यांनी मान हलवली. मी टवक्याची आठवण म्हणून एक पेर दाबलं. त्यांनी मूठ आवळली.

"अण्णा? बालाजीराव किती म्हणाले?"

 चहा आला, निवत गेला.

"अहो, लाइन कट झाली का? किती म्हणाले ते? माझे त्याच्यावर दोन..."

"किसपे दो, साहब?" सत्तारभाई फोनपाशी वाकून म्हणाला. "पैले पता तो चले."

रागाने माझा आवाज चढतो, हे मला माहीत आहे. टॉवेलखाली आवाज नसतो. तो सगळा राग बोटांत उतरला असावा, कारण अण्णा एकदम म्हणाले, "मोडू नका हो, बोट माझं हाय."

मी सैल धरलं. मग अण्णा कमीत कमी जितक्याला देतील असं मला वाटत होतं, त्याच्या थोडा वरचा आकडा बोटांनी सांगितला. रोख, आजच, सगळे सहा संच, आत्ता टेम्पोत. तेवढं तोंडाने म्हणालो, कारण तो भाव नव्हता. अण्णांनी डोळे मिटले, आणि माझा पंजा घट्ट धरला.

टॉवेल बाजूला काढून त्यांनी फोन जवळ ओढला. "साहेब, सौदा झाला."

"झाला? कितीला झाला? मी दोन हजार..."

"रुमालाखालचा भाव तोंडावर येत न्हाई, साहेब. आन् हात दिलेला मोडत न्हाई." मग म्हणाले, "आन् तुमी माझ्या गोळ्यात सिमेंट मिसळून विकलाव. हे काय बरं केला न्हाई."

पलीकडून फोन बंद झाला.

भाव काय ठरला ते मी इथेही लिहिणार नाही. एवढं सांगतो की परत टेम्पोकडे जाताना माझी पावलं जमिनीवर नव्हती. अण्णांनी निघताना, न मागता, करंद्यांना विकलेल्या सहा पूर्ण संचांच्या बिलाची नक्कल शिक्का मारून दिली.

देवणी, गुरुवार

गोळे मिळाले, पण घड्यांचा गालिचा तसाच होता. बॉचीला मुळात दगडाची बारीक कच दाबून केलेली कडक जमीन लागते. लातूरला कुणाला सांगावं ह्याचा विचार करताना डोक्यात आलं, की मळणीच्या खळ्याहून सपाट जमीन मी जन्मात पाहिलेली नाही. पाणी ओतलं तर ते चारी बाजूंना सारखं पसरतं. मळणीयंत्र आल्यापासून खळी करणारी माणसं रिकामी बसलीत. माझ्या बहिणीचे सासरे, तुळशीराममामा, देवणीत राहतात आणि त्यांच्या हातची खळी पंचक्रोशीत नावाजलेली.

उदगीरला मुक्काम करून सकाळी देवणीत पोचलो तर गाव ओस. दुकानं बंद, रस्त्यावर एक म्हातारी आणि दोन कुत्री. तेव्हा लक्षात आलं की त्या दिवशी येळवस होती. वेळ अमावस्या. त्या दिवशी लातूर जिल्ह्यातला माणूस घरात सापडत नाही. सगळं गाव शेतात जेवायला जातं, आणि कुणीही कामाला हात लावत नाही. मी ह्या भागात लहानाचा मोठा झालेला माणूस, आणि वजनाच्या नादात येळवस विसरलो.

मामांचं शेत शोधलं. कडब्याची कोप, म्हणजे खोपी, तिच्यात पूजा, बाहेर वीस-पंचवीस माणसं. मी टेम्पोतून उतरून थेट कामाचं बोलायला लागलो.

"बस आधी," मामा म्हणाले.

"मामा, रविवारी उद्घाटन आहे. आजच निघालो तर..."

"आज जमिनीला हात लावायचा नसतो. आज तिचा सण हाय. बस. ते तुमचे पाव्हणे उभे का? बसा भाई."

सत्तारभाई केव्हाच बसला होता. पानावर भज्जी आली: हरभरा, तूर, वाटाणा, मेथी, कांद्याची पात, सगळं एकत्र शिजवून बेसन लावलेलं. बाजरीच्या पिठाचे वाफवलेले उंडे, तीळ लावलेल्या भाकरी. मडक्यातली आंबील, आंबट-गार, वाडग्यांमागून वाडगे. शहरात बिअरच्या चवीवर तासन्‌तास बोलणारी माणसं मी पाहिली आहेत. त्यांना ही आंबील एकदा पाजायला हवी. तिसऱ्या वाडग्यानंतर माझी घाई कमी झाली. चौथ्यानंतर मी ज्वारीच्या सावलीत आडवा झालो. पैसे देऊनही त्या दिवशी मला एक घमेलं माती मिळाली नसती, आणि मी भांडायचंही विसरलो. सोमवारपासून पहिल्यांदा.

संध्याकाळी मामांनी विचारलं, "कशाला खळं? लातुरात मळणी हाय का?"

मी गोळा त्यांच्या हातात दिला आणि खेळ सांगितला. त्यांनी तो तळहातावर फिरवला. "म्हंजी गोट्याच की. आन् त्येच्यासाठी लोक पैसे देत्यात?"

"बिअरचे देतात. गोट्या फुकट."

"येतो," ते म्हणाले. "उद्या पहाटं. मुरूम माझ्या खाणीतला घेऊ."

लातूर, शुक्रवार आणि शनिवार

मामा, त्यांचे दोन भाऊबंद, एक टेम्पो मुरूम आणि दगडाची कच. गालिचा मी स्वतः गुंडाळून बाहेर टाकला. जुनी जमीन उकरली, मुरूम अंथरला, पाणी मारलं आणि धुमसाने ठोकायला सुरुवात झाली. दुपारी मामांनी शेण मागितलं.

"शेण नाही," प्रज्ञा मॅडम म्हणाल्या. "इथं खाण्यापिण्याचं लायसन आहे, मामा."

"शेणाबिगर खळं? बाई, तुमी घर सारवत न्हाई का?"

"आमच्या आजीनं जन्मभर दुसऱ्यांची सारवली," मॅडम म्हणाल्या. आवाज शांतच होता. "माझ्या जागेत नको."

 मामांनी खाली वाकून मुरूम चिमटीत घेतला, चोळला आणि म्हणाले, "चुन्याचं पाणी चालंल. जरा कच बारीक चाळून घ्या." मॅडम स्वतः चाळणी घेऊन बसल्या. दोघं संध्याकाळपर्यंत शेजारी बसून चाळत होते. काय बोलत होते ते मला ऐकू आलं नाही.

शनिवारी दिवसभर कोरडं वारं लागलं. मामा गोळा घेऊन एका टोकाला बसले आणि हळूच लोळवत राहिले. जिथे तो कलला तिथे कच टाकून ठोकायचं. "पाण्यापेक्षा हे बरंय," म्हणाले. "हे गोळं जमीन ओली करत न्हाई."

लातूर, रविवार

जागा भरली होती. मॅडमनी सगळ्यांसमोर माल्टचा काटा आणून पट्टीच्या तोंडाशी ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं.

"काका, करू वजन?"

"करा," मी म्हणालो. "पण साखरेच्या पाकिटापासून सुरू करा."

त्या हसल्या. साखर, मग आठ गोळे. आठही वेळा काट्यावर एकच आकडा आला. लोकांना काय चाललंय ते कळलं नाही, तरी त्यांनी टाळ्या वाजवल्या. पहिला गोळा मामांनी टाकला. साठ फुटांची पट्टी, एक उडी नाही, एक वळण नाही. लाल गोळा संथ जाऊन पिल्लाला टेकून थांबला. गौतमरावांनी हिरवा टाकून तो उडवला. मामा म्हणाले, "अहो साहेब, आपली कालपरवा तर ओळख झाली." गौतमराव म्हणाले, "खेळात वळख न्हाई." पुढचे दोन तास त्या दोघांनी पट्टी कुणाला दिली नाही. एकाच्या हातात आंब्याचं सरबत, एकाच्या हातात बिअर.

सोलापूर, बीदर आणि बार्शीचे तिघं मालक आले होते. तिघांनी तिथेच संच सांगितले. मॅडम मला म्हणाल्या, "तुमच्या नावाचं मी बघितलं. आता त्या करंद्यांच्या नावाचं बघू." त्यांनी नाशिकच्या ओळखीच्या एका ब्रुअरीला फोन केला, त्यांचे गोळे पुण्याहून, करंद्यांकडूनच आलेले. नाशिकवाल्यांनी वजन केलं. हिरवे बरोबर निघाले. लाल चारही हलके.

तर करंदे, आता तुम्ही माझा फोन उचलत नाही म्हणून हे छापायला देतोय. सहा पूर्ण संच तुम्ही देगलूरहून नेलेत. शिक्क्याचं बिल माझ्याकडे आहे. त्यांचे तुम्ही बारा केलेत. एक माझ्याकडे आला, एक नाशिकला सापडला. दहा राहिले. म्हणजे चाळीस खोटे गोळे अजून कुठेतरी खऱ्यांच्या शेजारी पडलेत, आणि कुठला तरी मालक गिऱ्हाइकाला सांगतोय की तुमचाच हात हलतोय. ते तुमच्या गोदामात असतील तर चार माणसांसमोर काट्यावर ठेवून दाखवा. विकले असतील तर कुणाला विकलेत त्यांची नावं लिहा, खाली सही करा, आणि प्रत्येकाच्या दारात स्वतः जाऊन चार-चार गोळे बदलून द्या. उष्णतेचं कारण चालणार नाही. मला उत्तर हवंय, आणि ते लेखी हवंय.